फुले योजना : पाच लाख झाले, उपचार २३९९ झाले, पण खाट मिळते का?

माळरान :
आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महात्मा फुले योजनेचा, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचा, एक फॉरवर्ड फिरतोय, 'आता कुठल्याही दवाखान्यात जा, पाच लाखांपर्यंत रुपया भरायचा नाही, फक्त आधार दाखवा'. खाली नमस्कारांची ही रांग. यातलं निम्मं खरं आहे आणि उरलेल्या निम्म्यापायी माणसं ऐन वेळी काउंटरवर तोंडावर आपटतात, म्हणून हा धागा. मी आरोग्य खात्यातला नाही, लातूरकडे मेडिकल चालवतो, त्यामुळे योजनेत उपचार झालेले आणि योजनेतून परत पाठवलेले असे दोन्ही पेशंट चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभे असतात.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. १९९७ ची जुनी जीवनदायी होती. मग २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आंध्रच्या आरोग्यश्रीचा नमुना समोर ठेवून, आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या राज्यात. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख, किडनी बदलायची असेल तर अडीच. २०१७ ला नाव महात्मा फुले यांचं दिलं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र. पण एकत्र होऊनही माणसं दोन जातीचीच राहिली, ज्याचं नाव २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत त्याला पाच लाख आणि शेजारच्या केशरी कार्डवाल्याला दीड, आता ती यादी कधी कुणी कशी केली हे गावात कुणालाच सांगता येत नाही, आमच्याकडे ट्रॅक्टरवाला यादीत आणि त्याच्याकडे रोजानं जाणारा बाहेर असंही आहे.

२८ जुलै २०२३ च्या जीआरने हा फरक काढला. सगळ्यांना पाच लाख, पांढरं रेशन कार्डसुद्धा आत, उपचार १३५६, किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख. हे प्रत्यक्ष सुरू व्हायला १ जुलै २०२४ उजाडलं. मधल्या वर्षभरात 'पेपरात तर आलंय' म्हणून दवाखान्यात भांडलेले लोक मी पाहिलेत. आणि २०२५ मध्ये उपचारांची यादी २३९९ वर नेली, शिवाय पाच लाखांत न बसणारे जे मोठे उपचार, यकृत, हृदय, फुफ्फुस प्रत्यारोपण, बोन मॅरो, त्यांच्यासाठी वेगळा राखीव निधी. यकृताला २२ लाखांपर्यंत.

कागदावर हे चांगलंच आहे, मी नाव ठेवणार नाही. माझं म्हणणं एवढंच की आकडा वाढवला की बातमी होते, पण पेशंटचं अडतं ते आकड्यावर नाही. पाच लाख संपले म्हणून परत आलेला पेशंट मला अजून भेटायचाय. जे परत येतात ते 'इथे हा आजार योजनेत नाही', 'खाट नाही', 'कार्ड ऑनलाइन दिसत नाही' या तीन कारणांनी येतात. अनुभव लिहा, जाणकारांनी भर घाला.

खडूस_पुणेकर :
धागा चांगला. प्रामाणिक शंका : आमचं पांढरं कार्ड, तेही कपाटात कुठे आहे आठवत नाही, पंधरा वर्षांत त्यावर साखर घेतलेली नाही. आम्हाला खरंच मिळतं का हे? की 'सर्वांसाठी' म्हणायचं आणि गेलं की उत्पन्नाचा दाखला मागायचा?

शिरपेच :
@खडूस_पुणेकर मिळतं. उत्पन्नाची अट नाहीये आता. रेशन कार्ड नसेल तर रहिवासी दाखल्यावरसुद्धा होतं. पण कार्ड शोधा आधी, कारण पुढचं सगळं त्यावरच्या नंबरावर आहे.

पांढऱ्या कार्डाचा प्रश्न तसा नवा नाही, मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना सातबारावर आधीच घेतलं होतं. उरलेल्या राज्याला आता.

आणि तुमच्या मेडिक्लेमपेक्षा एक गोष्ट इथे भारी आहे, ज्याचं कुणी कौतुकच करत नाही. जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो. वेटिंग पिरियड नाही, वय बघत नाहीत, शुगर-बीपी लपवायची गरज नाही.

माजी_आरोग्यमित्र :
इथे सदस्य होऊन बरीच वर्षं झाली, नुसता वाचत असतो, पण या विषयावर गप्प बसवेना. मी बरीच वर्षं आरोग्यमित्र होतो, आधी एका खासगी दवाखान्यात आणि नंतर सिव्हिलला. दवाखान्यात शिरलं की बोर्ड लावलेल्या टेबलामागे जॅकेट घालून बसलेला माणूस दिसतो ना, तो. आम्ही सरकारी नोकर नसतो, दवाखान्याचेही नसतो, कंत्राटी. पगारासाठी आंदोलनं झाली ती आमचीच. तरी लोकांना वाटतं आमच्या हातात सगळं आहे.

माळरान यांनी कारणं लिहिली त्यातलं कार्ड ऑनलाइन न दिसणं आधी सांगतो, कारण ते घरी बसून टाळता येतं. रेशन कार्डाला १२ आकडी आरसी नंबर असतो, जुन्या पुस्तिकेवर छापलेला नंबर तो नव्हे. तो नंबर सिस्टीममध्ये टाकला की कुटुंबातली माणसं दिसली पाहिजेत. दिसतात का? निम्म्या वेळा सून दिसत नाही, कारण तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेलं नाही. नाहीतर आजोबा दिसतात, पण आधारवर 'ज्ञानोबा' आणि कार्डावर 'ज्ञानदेव'. आम्ही काय करणार, मशीन म्हणतं हा माणूस वेगळा. मग नातेवाईक तहसीलला पळतो, पुरवठा शाखेत शिक्का मारून घ्यायला, आणि पेशंट इकडे स्ट्रेचरवर. माझ्या हातात असतं तर मी रेशन दुकानावर फलकच लावला असता की बाबांनो आजारी पडायच्या आधी ही नावं जुळवा.

इमर्जन्सीत मात्र कागदासाठी अडवायचं नाही असा नियमच आहे. फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून. हार्ट अटॅकच्या पेशंटला 'आधी कार्ड आणा' म्हणत असतील तर तिथल्या तिथे योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावा, नाहीतर १८०० २३३ २२००. शक्यतो काउंटरसमोर उभं राहून स्पीकरवर लावा, फरक पडतो :)

दुसरं म्हणजे लोक विचारतात 'तुमच्या दवाखान्यात योजना आहे का?' हा प्रश्नच पुरेसा नाही. दवाखाना अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेला असतो तो ठरावीक शाखांसाठी. हाडाचं ऑपरेशन योजनेत होईल, पण किडनी स्टोनचं त्याच दवाखान्यात पैसे भरून करावं लागेल, कारण युरोलॉजी त्यांनी घेतलेली नाही. म्हणून विचारायचं असं, 'या पेशंटच्या या आजाराला इथे योजनेतून प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी) टाकाल का?' हो म्हणाले तर थांबा, 'बघू' म्हणाले तर दुसरीकडे बघा. शिवाय शंभराहून जास्त उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खासगीत योजनेतून होतच नाहीत, त्याला आरोग्यमित्राचा इलाज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही योजना कॅशलेस आहे. आधी भरा, मग बिल दाखवून परत घ्या हा प्रकार यात नाही. पिशवीभर बिलं घेऊन महिन्याभराने येणाऱ्या लोकांना नाही म्हणताना सगळ्यात वाईट वाटायचं.

नंदा_वाचनमात्र :
वाचनखूण साठवली. हे शेवटचं कुणीच सांगत नाही हो! आमच्या दिरांचं तसंच झालं, सगळे पैसे भरून झाल्यावर कुणीतरी म्हणालं अहो योजनेत झालं असतं.

चिडलेली_चिमणी :
कॅशलेस म्हणे!! माझ्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीची कथा ऐका. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात, दवाखान्याचं नाव लिहीत नाही. अँजिओग्राफीचे पैसे रोख घेतले, म्हणाले ब्लॉकेज निघालं तर योजनेत बघू. निघालं. मंजुरी आली तसा मेसेजपण आला मोबाइलवर. आणि मग ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक जण बाहेर बोलावून सांगतो की योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला टाकायचा तर वर एवढे द्या, पावती मिळणार नाही. आता रात्री दहा वाजता आयसीयूच्या दाराशी मुलगी काय म्हणणार, साधाच टाका? दिले. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज पेपरवर स्टिकर बघितलं तर तोच होता जो शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला योजनेत टाकला होता, त्यांनी काही दिलं नव्हतं कारण त्यांच्याकडे द्यायला नव्हतंच.

माजी_आरोग्यमित्र :
@चिमणी वाईट वाटलं. मंजुरी मिळाल्यानंतर पॅकेजमधल्या कुठल्याच गोष्टीचे वेगळे पैसे घ्यायचे नसतात. स्टेंट, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण, डिस्चार्जनंतरची काही दिवसांची औषधं सगळं आत. आणि 'साधा स्टेंट' ही लोणकढी थाप आहे, स्टेंटच्या कमाल किमतीवर तर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्येच लगाम घातलाय. स्टिकरचा फोटो आणि मंजुरीचा मेसेज जपून ठेवा, तक्रार योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी द्या, नुसता फोन करू नका. पावती नसली तरी तक्रार होते, अशा दोन-चार एकाच दवाखान्याच्या जमल्या की चौकशी लागते.

डॉ_तालुका :
आता दुसरी बाजू लिहायलाच हवी, शिव्या खायची तयारी ठेवून. चिमणी यांच्या बाबतीत झालं ती सरळ लूट आहे, तिचं समर्थन नाही. पण माझं छोटं हॉस्पिटल आहे तालुक्याच्या गावात, सर्जरी आणि ऑर्थो, योजना चालवतो, आणि दर सहा महिन्यांनी बायको विचारते की कशासाठी चालवतोस.

पॅकेज म्हणजे काय ते समजून घ्या. एक ठरलेली रक्कम, तीत माझी फी, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग, इम्प्लांट, औषधं, एक्सरे, जेवण, सगळं आलं. आमच्याकडे भूलतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावाहून येतो, तो योजनेचा पेशंट आहे म्हणून कमी घेत नाही. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं तेच, पगार, ऑक्सिजन, वीज, बायोमेडिकल वेस्टवाला सगळे दरवर्षी वाढतात. साध्या फ्रॅक्चरला भागतं. पण म्हातारा पेशंट, शुगर, आयसीयूत दोन दिवस जास्त गेले की खिशातून.

बरं पैसे तरी वेळेवर येतात का. क्लेम टाकायचा, त्यावर क्वेरी येते, 'टाक्यांचा फोटो स्पष्ट नाही', 'पोस्ट-ऑप एक्सरेवर तारीख दिसत नाही'. एकदा तर क्वेरी अशी की भरती करतानाचा फोटो आणि डिस्चार्जचा फोटो एकाच माणसाचा वाटत नाही. अहो मधे त्याची दाढी केली, ऑपरेशनच्या आधी! उत्तर द्या, परत क्वेरी, मग कपात होऊन मंजूर, मग वाट बघा. मोठ्या हॉस्पिटलात यासाठी वेगळी टीम असते, माझ्याकडे एक मुलगी आहे, तीच रिसेप्शनही बघते. म्हणून छोटे दवाखाने हळूच बाहेर पडतात आणि मोठे कॉर्पोरेट तर येतच नाहीत, त्यांना या दरात परवडतच नाही. आता अंगीकृत दवाखाने हजाराच्या आसपास होते ते १९०० पर्यंत न्यायचं २०२३ ला ठरलं, चांगलं आहे, पण बोर्ड लावलेला दवाखाना आणि चालू दवाखाना यात फरक असतो. महिन्याला इतकेच पेशंट योजनेचे घ्यायचे असा न लिहिलेला कोटा बऱ्याच ठिकाणी आहे. 'खाट नाही' चा अर्थ तो.

माळरान :
@डॉ_तालुका ही 'खाट नाही' ची फोड मला हवीच होती, धन्यवाद. म्हणजे माझ्या काउंटरवरचा पेशंट आणि तुमच्या टेबलावरची क्वेरी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. पॅकेजचा दर न वाढवता कव्हर वाढवलं तर दवाखान्याला काहीच फरक पडत नाही, त्याला एका ऑपरेशनमागे तेवढेच मिळणार. पाच लाखाचे पंधरा केले तरी खाट निघणार नाही.

खडूस_पुणेकर :
एक मिनिट. हे सगळं चालतं ते पैसे कुणाचे? टॅक्स भरणारे आम्ही, मेडिक्लेमचा हप्ता भरणारे आम्ही, आणि आयुष्यात एकदा वापरायची वेळ आली तर चांगली हॉस्पिटलं योजनेत नाहीत. वर विमा कंपनीला सरकारने हप्ता भरायचा. सरळ सरकारी हॉस्पिटलं सुधारा ना त्या पैशात.

शिरपेच :
विमा कंपनीच्या मुद्द्यावर. २०२० च्या एकत्रित योजनेत युनायटेड इंडिया ही सरकारी कंपनी होती आणि राज्य तिला दर कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये देत होतं. दीड लाखापर्यंत विमा कंपनी, त्यावरचे आयुष्मानवाल्यांचे दावे राज्य आरोग्य हमी सोसायटी थेट देणार, अशी खिचडी. विमा विरुद्ध हमी हा वाद जुनाच आहे. विम्यात कंपनी क्लेम छाटायला बसते कारण छाटलेला पैसा तिचा, हमीत सरकारच थेट देतं पण मग तिजोरीत खडखडाट झाला की दवाखान्यांची बिलं अडकतात. दोन्हीकडे रडं आहे. मला विचाराल तर हमी बरी, निदान नफ्याचा मधला माणूस जातो आणि दावे का नाकारले ते माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

'सरकारी सुधारा' ला मात्र माझं +१, पण दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. सिव्हिल आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं पण या योजनेत क्लेम टाकतात आणि तो पैसा त्यांना मिळतो. त्या नव्या राखीव निधीसाठी पैसेसुद्धा सरकारी रुग्णालयांच्या दाव्यांतून बाजूला काढायचे ठरलंय. आता यात एक गंमत बघा, २२ लाखांचं यकृत प्रत्यारोपण होणार बहुतेक मोठ्या खासगी हॉस्पिटलात आणि त्याला पैसा कुठला, तर सिव्हिलने केलेल्या बाळंतपण-हाडांच्या क्लेममधला. मला हे पटत नाही.

माजी_आरोग्यमित्र :
सिव्हिलला मी होतो म्हणून सांगतो, तिथे योजनेत होऊ शकणारे कितीतरी पेशंट नोंदवलेच जात नाहीत. ऑपरेशन तर मोफतच होतंय, मग प्रीऑथची कटकट कोण करतो असं डॉक्टर म्हणतात. पैसा सिव्हिलच्या खात्यात यायचा तो येत नाही. सुधारणा करायची तर इथून सुरुवात करा, नवीन यादी छापायची पण गरज नाही.

बांद्याचा_बाबलो :
आमच्याकडली गोष्ट वेगळीच आसा. सिंधुदुर्गातून अपघात, डोक्याक मार, हार्ट, काय पण झाला की गाडी सरळ बांबोळीक, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. मुंबई-कोल्हापूर कुठे, बांबोळी कुठे. पिढ्यान्पिढ्या हेच. २०१८ ला गोव्याने बाहेरच्या पेशंटना फी लावली तेव्हा दोडामार्गात केवढं आंदोलन झालं होतं, आठवत असेल. त्यांचंही चूक नव्हतं हो, त्यांच्या लोकांना खाटा मिळेनात. मग फुले योजना गोमेकॉत चालवायचं ठरलं. पण तिथे पोचल्यावर रेशन कार्ड, आधार बरोबर नसलं की पुन्हा तोच घोळ, आणि रात्री अपघाताच्या पेशंटबरोबर कोण कागद घेऊन जातो? आमच्या वाडीत आता बऱ्याच जणांनी मोबाइलात फोटो काढून ठेवलेत.

गोव्याचं स्वतःचं बघा, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा, २०१६ पासून. तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, मोठ्या घराला चार लाख, पाच वर्षं राहिलेल्या कुणालाही, उत्पन्न विचारत नाहीत. छोटं राज्य, तिजोरी बरी, जमतं त्यांना. सावंतवाडीचा माणूस पलीकडे नोकरीला जातो तो हे बघूनच हळहळतो.

अवांतर : आता आमच्याकडे पण मेडिकल कॉलेज झालं, पण न्यूरोसर्जन कधी येतो ते विचारू नका.

सीमावासी_बेळगाव :
बाबलो, तुमचं निदान राज्य तरी एक आहे. आमच्यासाठी २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर महाराष्ट्राने ठरवलं की सीमाभागातल्या ८६५ गावांना, १२ तालुक्यांना फुले योजना लागू. जानेवारी २०२४ ला जीआर. इथे आनंद झाला, पैशापेक्षा कुणीतरी आठवण ठेवली म्हणून. पण कर्नाटक सरकारने लगेच आक्षेप घेतला, अर्ज भरून घ्यायच्या केंद्रांवरून वाद झाला आणि आमचा सामान्य माणूस मधे. कर्नाटकची स्वतःची योजना आहेच, बीपीएल कार्डाला पाच लाख, आणि एपीएल वाल्याला पॅकेजच्या तीस टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. एपीएलवाला मराठी माणूस मग महाराष्ट्राकडे बघतो. माझ्या माहितीत एक जण कोल्हापुरात जाऊन करून आले, व्यवस्थित झालं, राजकारण कुणी विचारलं नाही. भाषेवरून भांडायला सगळे येतात, आरसी नंबर कुठला टाकायचा हे सांगायला कुणी येत नाही.

नंदा_वाचनमात्र :
माझे दोन साधे प्रश्न आहेत, कुणी हसू नका. एक, आमच्या घरात खर्च होतो तो भरती होण्यावर नाहीच. सासऱ्यांची शुगर, सासूबाईंचा थायरॉईड, माझी मान, दर महिन्याला गोळ्या आणि रक्त-लघवी. यात योजना काय देते? दोन, सासूबाई सत्तरच्या वर आहेत, त्यांचं वेगळं कार्ड निघतं म्हणतात ते काय? आमचा खासगी मेडिक्लेम पण आहे, तो बंद होईल का?

माळरान :
@नंदा पहिल्या प्रश्नावर कुणी हसणार नाही, तो प्रश्न माझ्या दुकानात रोज उभा असतो. योजना ओपीडीच्या गोळ्यांना काहीच देत नाही. सामान्य घराचा आरोग्यावरचा मोठा खर्च तर तिथेच, थेंबाथेंबाने. जी शुगर आज शंभर-दोनशेच्या गोळ्यांत आटोक्यात राहील तिला पैसे नाहीत, आणि तीच बिघडून पाय कापायची वेळ आली की पॅकेज आहे. नदीला पूर आल्यावर होड्या वाटायच्या, बांध घालायचा नाही, असा प्रकार. सुधारणा सुधारणा म्हणतात त्यात मला ही पहिली हवी.

पण ओपीडीसाठी काहीच नाही असंही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, सिव्हिल, केस पेपरपासून सगळं मोफत केलंय. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याची, ती यात नाहीत, हे लक्षात ठेवा. मुंबईत पालिकेचे 'आपला दवाखाना' आहेत. मी स्वतः गोळ्या विकतो तरी सांगतो, शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक केंद्रात असतात, आधी तिथे विचारा, नसल्या तर जेनेरिक घ्या. धंदा बुडाला माझा.

शिरपेच :
@नंदा दुसऱ्याचं उत्तर. आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून. ७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो. घराचे पाच लाख आहेत ते वेगळे आणि घरातल्या ७० वरच्यांसाठी हे वेगळे पाच लाख, त्यात इतरांना वाटा नाही. म्हणजे सासू-सासरे दोघे सत्तरीवरचे असतील तर त्या दोघांत मिळून पाच. खासगी मेडिक्लेम चालू राहतो, तो बंद करायची गरज नाही आणि करूही नका. ईएसआयसी (कामगार विमा) असली तरी चालतं. केंद्र सरकारी नोकरांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोनांतलं एक निवडावं लागतं. कागद फक्त आधार, वय आधारवरचंच धरतात.

आयुष्मान ॲपवरून घरी निघतं, नाही जमलं तर आशाताई किंवा सीएससी सेंटर. बोटाचे ठसे लागत नसतील (म्हाताऱ्या माणसांचे लागतच नाहीत, भांडी घासून गेलेले असतात) तर ओटीपी किंवा चेहऱ्यावरून होतं, म्हणून आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे ना ते आधी बघा. शंका आली तर १४५५५.

खडूस_पुणेकर :
कार्ड सापडलं. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात. त्यावर १२ आकडी नंबर वगैरे काही नाही, आईचं नाव आहे (ती जाऊन बरीच वर्षं झाली) आणि मुलाचं नाही. आता काय करू? आणि तोपर्यंत काही झालं तर?

माजी_आरोग्यमित्र :
तुमच्या रेशनच्या परिमंडळ कार्यालयात जा, आईंचं नाव कमी करायला मृत्यू दाखला, मुलाचं वाढवायला त्याचं आधार आणि जन्मदाखला. जमलं तर ऑनलाइन अर्ज करा, पण पावती छापून घ्या. कार्ड ऑनलाइन झालं की आरसी नंबर मिळेल, मग घरातल्या प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड काढा, एकाचं काढून चालत नाही, प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. ई-केवायसीसाठी मुलाला पण हजर राहावं लागेल.

तोपर्यंत काही झालं तर इमर्जन्सीत फोनवरची मंजुरी, वर लिहिलंय. आणि रस्त्यावर अपघात झाला तर त्याचं वेगळं आहे, तिथे रेशन कार्डच लागत नाही, राज्यातल्या रस्त्यावर अपघात झालेला माणूस परराज्यातला असला तरी अंगीकृत दवाखान्यात एक लाखापर्यंत उपचार आहेत, पूर्वी ही रक्कम तीस हजार होती.

डॉ_तालुका :
आणि पुण्यात असाल तर धर्मादाय रुग्णालयं विसरू नका. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्याच असतात, त्यासाठी बिलातले दोन टक्के वेगळे काढलेले असतात. इथे मात्र उत्पन्न बघतात, वर्षाला १ लाख ८० हजारपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारपर्यंत दुर्बल. खडूसजी तुम्ही बसणार नाही, पण तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बसतील, त्यांना सांगा. फुले योजनेत नसलेली काही मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत, म्हणजे योजना नाही म्हणून सांगितलं तरी हा दरवाजा उरतो. तिथल्या समाजसेवकाला भेटायचं, काउंटरला नाही.

चिडलेली_चिमणी :
लेखी तक्रार दिली आज जिल्हा समन्वयकाकडे, स्टिकरचा फोटो आणि मेसेजची प्रिंट जोडून. पोच घेतली. तिथल्या बाईंनी विचारलं, 'अजून कुणी आहे का त्याच दवाखान्याचं?' शेजारच्या खाटेवरच्या काकांच्या मुलाचा नंबर होता माझ्याकडे. तो म्हणतोय आमच्याकडून स्टेंटचे नाही घेतले, पण रक्ताचे घेतले, तोही येतोय सोमवारी.